"मॅडम, तुमचं पोरगं घेऊन जा"

या वेळचं पत्र समाजकार्य शिकून आलेल्या एका तरुण कार्यकर्तीचं आहे. तिच्या पत्रातलं बालसंगोपन म्हणजे घरातच वाढणाऱ्या गरजू मुलांसाठी सरकारची महिन्याची मदत, आणि फॉस्टर केअर म्हणजे मूल दत्तक न देता काही काळ दुसऱ्या कुटुंबात सांभाळायला देणं. थोडं कापून देते, गावं आणि ओळखीच्या खुणा काढून.

"ताई नमस्कार. एमएसडब्ल्यू करून आठ महिने झाले एका संस्थेत लागलेय, मराठवाड्यात. बालसंगोपनची ६० घरं माझ्याकडं आणि फॉस्टर केअरची ४. त्यातल्या एका घरी दीड महिन्यापूर्वी बालगृहातला दहा वर्षांचा मुलगा दिला. आई नाही, वडील ऊसतोडीला जातात आणि पितात. घर चांगलंय, काका पतसंस्थेत, काकू शिवणकाम करतात, स्वतःची मुलगी आठवीत. पहिले दिवस मस्त गेले. आता पोरगं उशीखाली भाकरी लपवतं, तोंडावर खोटं बोलतं, अंथरूण ओलं करतं. परवा रात्री साडेनऊला काकूंचा फोन, मॅडम तुमचं पोरगं घेऊन जा, माझ्यानं होत नाही. मी रात्रभर झोपले नाही. घर निवडताना आमचं चुकलं का? आणि याच महिन्यात सरांनी सांगितलंय की नवीन लागलेल्या दोन मुलींना आणि चारही फॉस्टर घरांना तूच ट्रेनिंग दे. मला स्वतःला एक दिवसाचं मिळालं होतं, हॉलमध्ये, पीपीटी आणि जेवण. मी काय शिकवू?"

अगं बाई, आधी एक झोप काढ. काकूंनी फोन केला तोंडावर पदर घेऊन नाही, चांगला जोरात केला, आणि तो तुला केला, डायरेक्ट बालकल्याण समितीच्या, म्हणजे अशा मुलांचे निर्णय घेणाऱ्या जिल्ह्याच्या समितीच्या दारात पोराची पिशवी नेऊन ठेवली नाही. मी या कामात एकतीस वर्षं काढली, रिटायर होऊन चार वर्षं झाली, आणि तुला खरं सांगते, चिडून फोन करणारी घरं माझ्या अनुभवात बहुतेक टिकली. ज्या घरी दर वेळी "बरंय मॅडम, कायबी तरास न्हाई" ऐकू यायचं त्याच घरांनी मला तोंडघशी पाडलं.

एक सांगतेच. माझं कामाचं दुसरं वर्ष, एका आजीकडं नात्यातलीच मुलगी ठेवलेली, सात वर्षांची. मी गेले की आधी पिशवीतून रजिस्टर काढायचे, मग पेन, मग चष्मा. आजी चहा ठेवायची, पोरीला हाक मारून माझ्यापुढं बसवायची, वेणीफणी केलेली, फ्रॉक इस्त्रीचा. मी विचारायचे शाळेत जाते का, जेवते का, आजारी पडली का, आणि टिक टिक टिक. चार महिने अशाच टिका मारल्या. पाचव्या महिन्यात आजीनं पोरीला रिक्षात घालून आमच्या ऑफिसात आणून सोडलं आणि निघून गेली. नंतर कळलं की आजीला गुडघ्यानं रात्री उठवत नव्हतं आणि पोरगी रात्री ओरडत उठायची, रोज, पहिल्या आठवड्यापासून. मी हे विचारलंच नव्हतं. मी गेले होते तपासायला, आणि तपासायला आलेल्या माणसाला कोण सांगतं गं घरातलं? गॅसवाला मीटर बघायला आला तर त्याला आपण नवऱ्याची तक्रार करतो का?

तुझ्या कामाची खरी अडचण ही इथं आहे बघ. तू एकाच वेळी दोन टोप्या घालून त्या घरात जातेस. कायदाच तसा आहे, बाल न्याय कायदा २०१५ चं ४४ कलम काढून बघ, फॉस्टर घराची दर महिन्याला पाहणी करायची, घर कमी पडत असेल तर मूल काढून दुसरीकडं द्यायचं, हे समितीवर बंधनकारक आहे आणि समितीसाठी पायपीट कोण करतं, तर तू. ते व्हायलाच पाहिजे, त्यात माझं दुमत नाही, कारण चार भिंतींच्या आत काय चाललंय ते कुणीतरी बघितलंच पाहिजे. पण मग ज्या बाईला रडायचंय ती कुणापुढं रडणार? म्हणून मी शेवटची पंधरा वर्षं साधी गोष्ट करायचे, दारातच सांगून टाकायचे. "आज तपासणीला आलेय, रजिस्टर आहे." किंवा "आज नुसती आलेय, रजिस्टर ऑफिसात आहे." आणि नुसती आले म्हटलं की खरंच काही लिहायचं नाही, पिशवीला हातच लावायचा नाही. (मात्र मुलाला धोका दिसला तर नुसती आलेली असलीस तरी गप्प बसायचं नाही, हेही पहिल्याच दिवशी सांगून ठेवायचं, म्हणजे नंतर विश्वासघात केला असं होत नाही.)

तर आता लगेच काय. दोन दिवसांत जा, नुसती जा. बरोबर उपाय घेऊन जाऊ नकोस. "काकू तुम्ही खूप चांगलं काम करताय, देव बघतोय" हे तर अजिबात म्हणू नकोस, बाईला ते ऐकून जास्त राग येतो, मला तरी आला असता. त्यांच्या मशीनपाशी बस, काजं करायची असतील तर दोन करून दे, आणि एवढंच विचार, दिवसातली कुठली वेळ सगळ्यात जड जाते? पोरगं कसंय असं विचारलंस तर तासभर पोराच्या तक्रारी ऐकशील, वेळ विचारलीस तर काम करता येईल असं काहीतरी हाताला लागेल. सकाळची शाळेची गडबड म्हणाल्या तर त्यावर एक इलाज, रात्र म्हणाल्या तर दुसरा.

भाकरीचं घेऊ. ही गोष्ट इतक्या घरांत बघितलीय मी की आता उशी उचलायच्या आधीच कळायचं. वाळून पापड झालेली भाकरी, कडेला मुंग्या, कधी शेंगदाण्याची पुडी, एकदा तर अख्खा कांदा. काकूंना वाटतं आपण पोटभर वाढतो तरी हा चोरतो म्हणजे आपल्या हाताला यश नाही, किंवा शेजारी म्हणतील उपाशी ठेवतात. पण ते पोरगं आजच्या जेवणाचं बघतच नाहीये, त्याला उद्याचा भरवसा नाहीये. ज्या मुलानं लहानपणी दोन-दोन दिवस कुणी घरी येतंय का याची वाट बघितलीय त्याचं पोट भरतं पण डोकं भरत नाही. काकूंना सांग, झाकणाचा एक स्टीलचा डबा त्याला द्या, त्याच्या नावाचा, आणि रात्री झोपायच्या आधी त्याच्यासमोर त्यात चिवडा नाहीतर लाडू भरा, रिकामा झाला तर न विचारता परत भरा, आणि डबा राहील त्याच्या उशाशी. स्वयंपाकघराला कडी घालायची नाही, काहीही झालं तरी. दोन-चार महिने लागतील, कधी जास्त, आणि मग एक दिवस डबा तसाच भरलेला सापडेल. तेव्हा काही बोलू नका म्हणावं. ओवाळायची घाई नको.

खोट्याचं थोडक्यात. ज्याचं उत्तर आपल्याला आधीच माहितीय तो प्रश्न विचारायचाच नाही. कप फुटलेला दिसतोय, हातात त्याचा कान दिसतोय, तरी "कुणी फोडला?" विचारलं की पोरगं खोटंच बोलणार, बालगृहात पन्नास पोरांत राहिलेल्याला खरं बोलून काय मिळालंय आजपर्यंत? "कप फुटला, चल केरसुणी आण, दोघं मिळून गोळा करू." बास.

अंथरुणाचं मात्र दोन बाजूंनी बघावं लागतं. पहिलं डॉक्टर, कारण लघवीचं इन्फेक्शन, जंत, पोट साफ नसणं अशी साधी कारणंही असतात आणि आपण उगाच मनाच्या खोलात शिरत बसतो. शाळेत तपासणीला येणारी आरबीएसकेची टीम असते, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची, त्यांना गाठ, ते पुढं जिल्हा रुग्णालयात पाठवू शकतात. दुसरं, गोधडी. गादीवर प्लास्टिक, जास्तीची एक गोधडी, ओली झाली तर त्यानं ती गुपचूप बादलीत टाकायची आणि घरातल्या कुणी चकार शब्द काढायचा नाही. आणि ती वाळत कुठं घालतात ते तू स्वतः बघ, पुढच्या दोरीवर घालत असतील, जिथनं वर्गातली पोरं शाळेला जातात, तर मागं घालायला सांग. ही एवढीशी गोष्ट कुठल्या पीपीटीत नव्हती ना?

अजून एक सांगते ते मला एका शेतकरी बाईनं शिकवलं, तिच्याकडं नऊ वर्षांचा मुलगा होता. तिला लिहायला वेळ नसायचा म्हणून भिंतीवरच्या कालनिर्णयवर अंथरूण ओलं झालं की पेन्सिलनं टिंब द्यायची. मी तिसऱ्या महिन्यात गेले तर म्हणाली मॅडम हे बघा. सगळी टिंबं सोमवारी नि मंगळवारी. रविवारी रात्री त्याच्या बापाचा फोन यायचा, बाप पिऊन रडायचा, तुला न्यायला येतो म्हणायचा, आणि पोरगं फोन ठेवून गुमान झोपायला जायचं. आता असल्या वेळी कुणीही म्हणेल फोनच बंद करा. मी तेव्हा तेच म्हणणार होते, पण आई-बापाला मुलाला भेटू द्यायची तरतूद ४४ कलमातच आहे, समितीला मुलाच्या हिताचं वाटत नसेल तरच ते थांबवता येतं, आणि त्याहून मोठं म्हणजे पोराला बाप हवा होता. तर आम्ही फोन रविवारी सकाळी घेतला, बाप शुद्धीवर असताना, आणि फोन झाला की काका त्याला घेऊन बैल धुवायला जायचे. टिंबं गेली नाहीत पण विरळ झाली. तुझ्या पोराचे वडीलही कारखान्यावर असतील ना, दिवाळीनंतर जे जातात ते मार्च-एप्रिलपर्यंत, मग फोन कधी येतो, काय बोलतात, काकूंना माहितीय का? तुला माहितीय का? कालनिर्णय तर घरी असेलच.

नव्याचे नऊ दिवस असं आपण म्हणतो ना, फॉस्टर घरात ते अक्षरशः असतात. कधी नऊ, कधी तीस. पोरगं पाहुण्यासारखं राहतं, ताट उचलतं, काकू काकू करतं, आणि मग एक दिवस सगळं उलटं. घरच्यांना वाटतं बिघडलं. मला वाटतं तेव्हा पोरगं पहिल्यांदा मनात धरायला लागलेलं असतं की इथं राहायचंय, आणि मग ते बघतं की मी असा वागलो तरी ठेवतात का. हे काकूंना आधी कुणी सांगितलं होतं? तू लिहिलंयस घर चांगलंय, काका पतसंस्थेत, म्हणजे गृहचौकशी झाली, उत्पन्न बघितलं, पोलीस पडताळणी झाली असेल, पण सहाव्या आठवड्यात काय होईल ते सांगितलं नसणार. तर चूक झाली असेल तर एवढीच झालीय, आणि ती दुरुस्त होण्यासारखी आहे. घर निवडण्यात चुकलं असं तुझ्या पत्रावरून मला तरी दिसत नाही.

खरोखर चुकलेलं घर कसं असतं तेही ऐकून ठेव. पोराचं ताट-वाटी वेगळं. पोरगं सगळ्यांत शेवटी जेवतं. शाळेला दांड्या आणि हाताला राबल्याचे घट्टे. एखादं माणूस खोलीत आलं की पोराचा आवाज जातो. मारल्याच्या खुणा, नाहीतर कुणी अंगाला हात लावल्याची नुसती शंका. तिथं समुपदेशन बिमुपदेशन काही नाही, त्याच दिवशी समितीला आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाला कळवायचं, १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहेच, आणि लैंगिक प्रकार असेल तर पॉक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याखाली, पोलिसांना कळवणं हे तुझ्या मर्जीवर नाहीच, कायद्यानं बंधनकारक आहे. संस्थेचं नाव खराब होईल म्हणून कुणी थांब म्हणालं तरी थांबायचं नाही. हे त्या दोन नवीन मुलींना पहिल्या दिवशी शिकव, बाकीचं नंतर.

आणि त्या घरातल्या मुलीचं काय गं? आठवीतली. तू तिच्याबद्दल पत्रात तीन शब्द लिहिलेत. तिच्या खोलीत एक अनोळखी मुलगा आला, आईचा सगळा वेळ त्याच्यामागं, कंपासपेटीतले दहा रुपये गायब, मैत्रिणी विचारतात हा कोण तुमचा, आणि घरी बोलायची सोय नाही कारण "बिचाऱ्याला आई नाही, तू समजून घे." समजून समजून किती घेईल ती? फॉस्टर केअर मोडतं ना, त्यातल्या निम्म्या वेळा पोटच्या पोरांची घुसमट आतून पोखरत असते, हे माझं निरीक्षण आहे, आकडेवारी नव्हे. या वेळी तिच्याशी वेगळी बोल, घराबाहेर, पेरूच्या गाड्यापाशी वगैरे. तिला एक कुलपाचं कपाट मिळू दे. आणि आठवड्यातला एक तास आई फक्त तिची, भले बाजाराला जाताना का होईना.

पैशांचंही मोकळं बोललेलं बरं. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत फॉस्टर केअरला महिन्याला ४००० आहेत, आपल्या राज्याच्या बालसंगोपनचे ४२५ चे ११०० झाले नि आता २२५०, नावही क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना झालं. कागदावर ठीकच. पण पैसे वेळेवर येत नाहीत हे तुलाही माहितीय आणि मलाही, कधी महिनोन्महिने नाहीत आणि मग एकदम जमा, आणि गल्लीत मात्र पहिल्या दिवसापासून चर्चा की पैशासाठी पोरगं ठेवलंय. स्वाभिमानी माणसाला हे फार लागतं. ते सगळं आधीच सांगायचं, लाजायचं नाही, की रक्कम एवढी, उशीर होतो, तोवर तुमच्या खिशातनं जाईल, झेपेल का? आणि अडकले तर बँकेत, शाळेत, आधार केंद्रावर तू त्यांच्याबरोबर उभी राहा. एका काकांनी मला सांगितलेलं, मॅडम तुमच्या दहा सल्ल्यांपेक्षा तुम्ही बोनाफाईड काढून दिलं ते बरं झालं.

आता ट्रेनिंग. सर म्हणालेत तर करायचंच आहे, मग नीट करू.

सर दोराबजी टाटांच्या नावानं मुंबईत समाजकार्याची शाळा निघाली ती १९३६ साली, पुढं तीच टिस, म्हणजे टाटा समाजविज्ञान संस्था झाली. म्हणजे नव्वद वर्षं होत आली आपण या देशात समाजकार्य शिकवतोय, आणि अजून नव्या कार्यकर्तीला कायद्याची कलमं प्रोजेक्टरवर वाचून दाखवतो नि फिल्डवर सोडतो. पी हळद हो गोरी. कायदा नको असं नाही म्हणत मी, पण नव्या मुलीला पहिल्या महिन्यात लागतं ते ४४ कलम, पॉक्सोची कळवायची जबाबदारी आणि ७४ कलम. हे ७४ जरा ठासून सांग, मुलाची ओळख उघड करायला बंदी आहे, शिक्षा आहे, आणि तरी आपल्याच लोकांच्या व्हॉट्सॲप स्टेटसला पोराच्या हातात वह्यांचा गठ्ठा, शेजारी दानशूर आणि खाली पोराची सगळी कर्मकहाणी. पाहिलंच असशील.

बाकी त्या दोघींना हॉलमध्ये बसवू नकोस, एसटीत बसव. दोन-दोन गृहभेटींना बरोबर ने, अट एकच, घरात तोंड उघडायचं नाही, फक्त बघायचं. परत येताना स्टँडवर एका बाकावर बसायचं, तिघींनी वेगवेगळं लिहायचं, काय दिसलं, आणि मग एकमेकींना वाचून दाखवायचं. गंमत बघ काय होते. एक लिहील "मुलगा समाधानी आहे, कुटुंब चांगले आहे." तिला विचार, समाधानी आहे हे कशावरून? गप्प बसेल. दुसरीनं लिहिलेलं असेल की मुलानं आल्याबरोबर दप्तर खुंटीला अडकवलं, खुंटी त्याची वेगळी होती, आणि पाणी न विचारता स्वतः घेतलं. हा अहवाल. समितीसमोर हा टिकतो, आणि सहा महिन्यांनी मुलाला परत पाठवायचं की ठेवायचं हे ठरवताना यातूनच काही कळतं. आपले अहवाल इतके कॉपीपेस्ट असतात की मी एकदा एका फाईलमध्ये मुलीच्या अहवालात "तो" वाचलंय, तीन पानं.

मुलांच्या मनाचं, आघाताचं ज्या गोष्टी तुला शिकवता येणार नाहीत त्यासाठी बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेचा संवाद नावाचा प्रकल्प आहे, मुलांबरोबर काम करणाऱ्यांसाठीच आहे, त्यांचं साहित्य आणि ऑनलाइन ट्रेनिंग चांगलं असतं. बघ जमलं तर. पण ते घरभेटीनंतर, आधी नको, आधी शिकलं की मुली घरात जाऊन शब्द शोधत बसतात.

फॉस्टर घरांचं ट्रेनिंग चार घरांपैकी एखाद्याच्या अंगणात घे, रविवारी दुपारी. दीपप्रज्वलन नाही, प्रमुख पाहुणे नाहीत, बॅनर तर मुळीच नाही, बॅनर लागला की गल्लीला कळतं. पोरांकडं बघायला त्या दोन नवीन मुली आहेतच, त्यांनाही शिकायला मिळेल. आणि काका लोकांना आणायचंच, ते म्हणतील रविवारी काम आहे, तरी आणायचं, नाहीतर सगळं ओझं काकूंच्या डोक्यावर आणि काका म्हणणार हिलाच हौस होती. शिकवणार तू नाहीस. ज्या घराला वर्ष-दोन वर्षं झालीत ते शिकवतील. तुझ्या चौघांत असं एखादं असेल तर त्यांना नुसतं विचार, सगळ्यात वाईट महिना कोणता होता? एकदा का एका बाईनं कबूल केलं की मलाही वाटलेलं देऊन टाकावं परत, की बघ बाकीच्या कशा बोलायला लागतात. फक्त मुलाचा पूर्वेतिहास कुणी कुणाला सांगायचा नाही, हे सुरुवातीलाच. मी एक खेळ घ्यायचे, एका काकांना पोरगं करायचं, पाठीवर पिशवी द्यायची आणि अनोळखी घरात शिरायला लावायचं, बाकीच्यांनी सगळ्यांनी एकदम प्रेमानं बोलायचं, ये बाळा बस बाळा काय खाणार बाळा लाजू नकोस बाळा. एक जाडजूड मिशावाले काका घामाघूम झालेले, म्हणाले अहो मला पळून जावंसं वाटलं.

नवीन घरं शोधत असाल तर एक ध्यानात ठेव, २०२४ ला केंद्राच्या मार्गदर्शक सूचना बदलल्यात, आता ३५ च्या पुढची एकटी व्यक्तीही फॉस्टर पालक होऊ शकते, अविवाहित, विधवा, घटस्फोटित, आणि मूल दत्तक द्यायला कायद्यानं मोकळं असेल तर पाचऐवजी दोन वर्षांनी त्याच घराला दत्तकासाठी अर्ज करता येतो. तुमच्या भागात एकट्या राहणाऱ्या शिक्षिका, नर्सबाई असतीलच की. त्यांना कुणी विचारतच नाही.

आता काकूंना खरंच झेपलं नाही तर? तेही होऊ शकतं, आणि तो गुन्हा नाही. पण मग रात्री साडेनऊला नाही करायचं. समितीला सांगून, दुसरं घर बघून, पोराला खरं सांगून, की काकू दमल्या, तुझ्यामुळं जग बुडालेलं नाही. काकूंनी त्याला नीट निरोप द्यावा, फोटो द्यावा, पुढं फोन करावा. आणि त्याचे कपडे खताच्या पिशवीत भरू नका गं. चारशे-पाचशेची एक चेनची बॅग घ्या, वर्गणी काढून घ्या वाटल्यास. मी इतकी पोरं खताच्या पिशवीसकट इकडून तिकडं जाताना पाहिलीत की अजून दुकानात ती बॅग दिसली की घ्यावीशी वाटते.

मधला मार्गही आहे, दोन दिवसांची विश्रांती. चार घरांपैकी एखादं घर शनिवार-रविवार त्याला ठेवून घेऊ शकतं का बघ, समितीला आणि कक्षाला रीतसर कळवून, परस्पर नाही. काकूंना दोन रात्री सलग झोप मिळाली तर निम्मा प्रश्न तिथंच बसतो कधी कधी.

शेवटी तुझं. ६० आणि ४, म्हणजे ६४ घरं. महिन्याचे कामाचे २४ दिवस धर, त्यातले चार मीटिंगला, तीन समितीसमोर, दोन रिपोर्ट भरायला, उरले पंधरा, म्हणजे रोज चारपेक्षा जास्त घरं, दोन तालुक्यांत, एसटीनं. हे होत नाही. तुलाही माहितीय आणि म्हणूनच टिका मारल्या जातात. हा हिशोब सरांना तोंडी सांगू नकोस, कागदावर दे, तारीख घालून. आणि आठवड्यातून एक तास माग, सरांबरोबर किंवा कुणा जुन्या कार्यकर्तीबरोबर, जिथं तू केस सांगशील आणि समोरचा ऐकेल, रात्रभर जागून एकटीनं ठरवायच्या या गोष्टीच नाहीत. चार फॉस्टर घरांचा रात्रीचा फोनही आलटून पालटून घ्या, त्या दोघी तयार झाल्या की. आणि काकूंना फोनचा एक वार ठरवून दे, गुरुवारी दुपारी दोन म्हण, तुझ्याकडून, न चुकता. फोन येणार हे पक्कं असलं की माणूस बुधवारी रात्री थोडं ओढून नेतं.

तर दोन दिवसांत जा, रजिस्टर ऑफिसात ठेवून जा, डबा मात्र घेऊन जा, झाकण घट्ट बसतंय का बघून घे, मुंग्या लागतात. आणि एसटीची तिकिटं फेकू नकोस, अर्ध्या भाड्याची का असेनात, बिलाला लागतात.